थंडीत घर ‘ग्रीन’ ठेवायचंय? मग आधी बाथरूमकडे बघा

प्रश्न विचारणाऱ्या ताई नाशिकच्या आहेत. रो हाऊस आहे, घरात सहा माणसं, म्हणजे सासू-सासरे, नवरा-बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं. वर्षभर कापडी पिशव्या, बांबूचे ब्रश, गच्चीवर कंपोस्टचा ड्रम सगळं नीट चालतं आणि थंडी पडली की बिघडतं. गीझरमुळे लाईट बिल फुगतं, ड्रममधला कचरा आहे तसाच बसून राहतो, सासूबाई म्हणतात माळ्यावरचा तांब्याचा बंब काढा, मिस्टर म्हणतात गॅस गीझर घेऊ, आणि ताई विचारतायत की हिवाळ्यात अजून काय काय करू.

ताई, अजून काही करू नका. जे करताय त्यातलं निम्मं सोडून दिलंत तरी चालेल, फक्त गरम पाणी आणि सुकी पानं या दोन गोष्टी धरा. मी बरीच वर्षं सोसायट्यांचा ओला कचरा आणि गरम पाण्याच्या सिस्टीम यावरच काम करते, त्यामुळे माझा चष्मा त्याच नंबरचा आहे हे मान्य, पण आकडे बघा आणि मग ठरवा.

आपल्याकडे थंडीत घर गरम करावं लागत नाही, हीटर म्हणजे हौस आहे. पंखे बंद, एसी बंद, फ्रीजलाही काम कमी. मग बिल वाढतं कशाने, तर फक्त आंघोळीच्या पाण्याने. नाशिकला जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १७-१८ डिग्रीला असतं आणि आंघोळीला आपल्याला ४० च्या आसपास लागतं. एक बादली म्हणजे २० लिटर, २२ डिग्रीने तापवायचं, म्हणजे ४४० किलोकॅलरी, आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० असतात, म्हणजे एका बादलीला अर्धा युनिट. सहा माणसांचे रोज तीन युनिट, महिन्याला नव्वद. हे झालं बादलीचं. मुलं जर शॉवरखाली दहा मिनिटं उभी राहत असतील तर साधा शॉवर मिनिटाला ८-९ लिटर पाणी सोडतो, म्हणजे एका पोराची आंघोळ चार बादल्यांची आणि दोन युनिटांची. आता हे महिन्याला करून बघा, आणि वर महावितरणचे स्लॅब आहेतच, १०० पर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत दुसरा, त्यापुढे अजून चढा, म्हणजे गीझरचे युनिट नेमके वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. आता बांबूच्या ब्रशने वर्षभरात किती प्लास्टिक वाचलं ते तुम्हीच तोला, मी काही बोलत नाही.

गीझर आहे तोच ठेवायचा असेल तर आधी फुकटातले उपाय. एक म्हणजे आंघोळी एकापाठोपाठ एक. सकाळी साडेपाचला सासरे, साडेसहाला मुलं, आठला तुम्ही आणि तोवर गीझर चालूच, असं असेल तर मधल्या वेळात टाकी थंड होत राहते आणि गीझर परत परत तापवत बसतो. गीझरवरचे स्टार असतात ना ते याचेच असतात बरं, पाणी नुसतं गरम राखताना किती वीज वाया जाते त्याचे. म्हणजे फाईव्ह स्टार घेतला आणि वीस मिनिटं लावून बंद केला तर स्टारचा तसा फारसा उपयोग नाही, पण दिवसभर चालू ठेवणाऱ्या घरात पुष्कळ फरक पडतो. दुसरं, थर्मोस्टॅट पन्नास-पंचावन्नवर आणा. ६० ला तापवलेलं १५ लिटर पाणी गार पाणी मिसळून साधारण २८ लिटर होतं, म्हणजे दीड बादली, आणि बहुतेक घरांत ते तापवून त्यातलं निम्मंच वापरलं जातं, उरलेलं दुपारपर्यंत भिंतीवर गार होतं.

तिसरी गोष्ट घरात कोणालाच आवडत नाही पण सगळ्यात फायद्याची आहे. आंघोळीची वेळ बदला. गच्चीवरची काळी टाकी दुपारी दोन-तीनला हात लावून बघा, पाणी चांगलं कोमट असतं. पहाटेच्या पाण्यापेक्षा ते सात-आठ डिग्रीने जरी वर असलं तरी एक तृतीयांश वीज वाचली. सासूबाईंना पूजेआधी आंघोळ लागते, तिथे बोलू नका, पण मुलं शाळेतून, ग्राउंडवरून घामेजून धुळीत येतात ती संध्याकाळीच आंघोळ करू देत ना, सकाळी हातपाय-तोंड धुवून शाळेला जातील, काही आभाळ कोसळत नाही. बऱ्याच घरांत हे आजी-आजोबांना पटायला एक थंडी जाते, जाऊ दे.

आता बंब. सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. नारळाच्या करवंट्या, शेंड्या, वाळक्या काटक्या, गोवऱ्या यांवर पाणी तापतं, राख भांड्यांना आणि झाडांना, तांब्याचा बंब तीन पिढ्या टिकतो. शेतावर, वाड्यात, मोकळ्या अंगणात खुशाल लावा. पण रो हाऊसमध्ये नको आणि त्याचं कारण आहे थंडीतली हवा. पावसाळ्यात उन्हाळ्यात धूर वर निघून जातो, पण हिवाळ्यात रात्री जमीन लवकर गार होते, जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्यापेक्षा गरम अशी उलटी घडी बसते, आणि तिच्याखाली धूर अडकून राहतो. सकाळी सात वाजता कॉलनीवर जो निळसर पडदा दिसतो त्याला सगळे धुकं धुकं म्हणतात, त्यात पुष्कळसा धूरच असतो. तुमच्या बंबाचा धूर शेजारच्या आजोबांच्या खोलीत जाणार आणि तुमच्या सासऱ्यांच्याही. नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी एक दिवस लावा, सासूबाईंच्या हाताने लावा, मुलांना बघू दे, आणि परत घासूनपुसून ठेवा.

मिस्टरांच्या गॅस गीझरचं सांगते. हिशोबाने ते चुकत नाहीयेत हे आधी सांगून टाकते म्हणजे तुमच्यावर भडकणार नाहीत. एका बादलीला साधारण ५० ग्रॅम गॅस, सहा जणांना ३०० ग्रॅम, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर नुसत्या आंघोळींवर दीड महिना. आणि आपल्याकडची वीज बहुतेक कोळशाची, एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे विजेच्या बादलीमागे ३५० ग्रॅमच्या वर, तर गॅसच्या बादलीमागे १५० ग्रॅम. म्हणजे आज तरी गॅसची आंघोळ विजेपेक्षा कमी काळी आहे, हे ‘सगळं इलेक्ट्रिक करा’वाल्यांना आवडत नाही पण गणित तसं आहे.

पण बाथरूमच्या आत गॅस गीझर बसवायचा नाही. नाही म्हणजे नाही. छोटं बाथरूम, थंडी म्हणून खिडकी लावलेली, झरोक्याला पुठ्ठा, आणि आत बर्नर चालू. आतला ऑक्सिजन कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही, नुसतं डोकं जड होतं, चक्कर येते, माणूस खाली बसतो आणि उठत नाही. दर हिवाळ्यात पेपरला अशा बातम्या येतात. एकामागोमाग आंघोळी करणाऱ्या घरात तर शेवटच्या माणसाला जास्त धोका, आणि शेवटचा नंबर बहुतेक घरातल्या बाईचाच असतो. घ्यायचाच असेल तर ड्राय बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीला, उघड्या हवेत, आणि फक्त गरम पाण्याचा पाईप आत. हीच गोष्ट कोळशाच्या शेगडीची, खोलीत ऊब यावी म्हणून रात्री दार लावून शेगडी आत ठेवू नका, म्हातारी माणसं हट्ट करतात, तरी नको.

माझं मत विचाराल तर तुमच्या घराला सोलर वॉटर हीटर. गच्ची स्वतःची आहे, सहा माणसं आहेत, आणि पावसाळ्याचे चार महिने सोडले तर नाशिकला उन्हाची कमी नाही. आपल्या थंडीत आकाश स्वच्छ असतं, गार हवा आणि कडक ऊन, सोलरला अजून काय पाहिजे. २०० लिटरचा घ्या. पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि तिरपेपणा ३०-३५ डिग्री, कारण नाशिक २० अक्षांशावर आहे आणि पाणी आपल्याला हिवाळ्यात हवंय, हिवाळ्यात सूर्य खाली असतो, म्हणून अक्षांशात दहा-पंधरा मिळवायचे. बसवणारा माणूस त्याच्याकडे असलेलं रेडिमेड स्टँड ठोकून मोकळा होतो, त्याला आधी विचारा. टाकीची सावली, शेजारच्या नारळाची सावली दहा ते तीनमध्ये पॅनेलवर पडायला नको, आणि हे डिसेंबरमध्येच बघून ठेवा कारण मे महिन्यात सावल्या आखूड असतात, तेव्हा सगळं छान दिसतं.

गच्चीवरून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत पाऊण इंची पाईप पंधरा मीटर असेल तर त्यात साडेचार-पाच लिटर पाणी मावतं, ते रात्रभर गार झालेलं असतं आणि सकाळी नळ सोडला की तेच आधी येतं. लोक ते वाहून जाऊ देतात आणि वर म्हणतात सोलरचं पाणी गारच येतं. बादली लावा, ते पाणी फरशीला, कुंड्यांना, आणि पाईपला वरून फोमचं आवरण घाला. ढगाळ दिवसासाठी जुना गीझर राहू दे. छपरावर वीज करणारं सोलर लावायचा विचार असेल तर तोही चांगलाच, २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत सबसिडी आहे, पण नुसतं पाणी तापवायला ते म्हणजे द्राविडी प्राणायाम, उन्हाची आधी वीज करायची, त्यात पाचातले चार भाग घालवायचे आणि मग परत उष्णता करायची.

आता ड्रम. थंडीत कंपोस्ट मेलेलं नसतं, गारठलेलं असतं. कंपोस्ट गरम होतं ते आतले जिवाणू खातात त्या कामाने, आणि ती ऊब टिकायला ढीग मोठा लागतो, एक मीटर लांब, रुंद, उंच असेल तर बाहेर पाच डिग्री असली तरी आत हात घालवत नाही. तुमचा ड्रम लहान, चारी बाजूंनी वारा, वर नाशिकची रात्र, सगळी ऊब निघून जाते. त्यात थंडीत कचराही बदलतो, हे कोणी लक्षात घेत नाही. फ्लॉवरचे दांडे, मटारची सालं, पालेभाजीच्या काड्या, संत्र्या-मोसंबीची सालं, गाजराचा चोथा, सगळं पाणीदार आणि भरपूर, आणि वरून पाणी उडून जायचं प्रमाण कमी. त्यामुळे ड्रम गार आणि चिकट दोन्ही होतो.

हातात मूठभर घ्या आणि घट्ट दाबा. बोटांतून पाणी ठिबकलं तर फार ओलं आहे. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला आणि हाताला नुसता दमटपणा लागला तर बरोबर आहे. गोळा झालाच नाही, भुगाच पडला तर कोरडं, मग थोडं ताक-पाणी. थंडीत दहा ड्रमपैकी नऊ पहिल्या प्रकारात निघतात, त्यांना कल्चर, पावडर, गूळपाणी काही लागत नाही, सुकी पानं लागतात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्याची एक बादली तर चुरलेल्या पानांच्या दोन, थंडीत अडीच. ओल्या कचऱ्यात नत्र जास्त असतं आणि पानांत कार्बन, दोन्ही मिळून नत्र एक तर कार्बन पंचवीस-तीस असं प्रमाण आलं की काम पळतं. फ्लॉवरचा दांडा अख्खा टाकू नका, तो मार्चमध्ये अख्खाच निघेल, विळीवर चार तुकडे करा. ड्रम दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला उन्हात सरकवा, रात्री बाहेरून गोणपाट गुंडाळा पण भोकं बुजवू नका. खालीवर करायचं ते दुपारी, सकाळी उघडलात तर असलेली ऊबही घालवाल. अर्धवट झालेलं जुनं खत दोन ओंजळी टाकलं की विरजण लागल्यासारखं होतं. आणि एवढं करूनही उन्हाळ्यात दीड महिन्यात होणारं खत आता अडीच महिने घेणार, ते घेऊ द्या. दुसरा रिकामा ड्रम असेल तर पहिला भरला की झाकून विसरून जा.

संत्र्या-मोसंबीची सालं ड्रममध्ये फार झाली तर हळू चालतं, ती वेगळी काढून बायोएन्झाइम, म्हणजे सालं आंबवून केलेलं साफसफाईचं पाणी, लावा, एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बरणीत, वरती जागा सोडून. पहिला महिना रोज झाकण सैल करून गॅस काढायचा, नाहीतर बरणी फुगते. तीन महिन्यांनी गाळलं की फरशीला, बाथरूमला उत्तम. काचेच्या बरणीत कृपा करून करू नका.

पानांचं जरा सविस्तर सांगते कारण इथेच लोक हातातलं सोनं जाळतात, अगदी शब्दशः. आपल्याकडे पानगळ डिसेंबर-जानेवारीत सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. बदाम लाल होऊन झडतो, सावर उघडी पडते, साग, उंबर, मग शेवटी पिंपळ. रस्ता झाडणारे सकाळी ढीग करतात आणि काडी लावतात, कारण त्यांना तो ढीग कुठे न्यायचा हे कोणी सांगितलेलं नसतं. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली, साध्या प्रकाराला पाच हजार दंड, मोठ्या प्रमाणावर असेल तर पंचवीस हजार. पण झाडणाऱ्या मावशींना दंडाची भीती घालून काय उपयोग. त्यांना म्हणा जाळू नका, गोणी मी देते, भरून गेटपाशी ठेवा, आणि सकाळी चहा द्या. हे जमतं, मी बऱ्याच कॉलन्यांत जमवलंय.

गोणीचं म्हणाल तर नाशिककरांना काय कमी, कांद्याच्या जाळीच्या गोण्या घ्या. लासलगाव, पिंपळगावकडून येणारा कांदा त्यातच येतो, दुकानदार रिकाम्या गोण्या चार-दोन रुपयांना देतो नाहीतर फुकट. जाळीमुळे पानं आत कुजत नाहीत, वाळत राहतात, आणि गोणी पायाने तुडवली की आपोआप चुरा. आंब्याची, फणसाची पानं जाड असतात, ती वेगळ्या गोणीत, त्यांना वेळ लागतो. निलगिरीची मी घेत नाही. आता महत्त्वाचं, पानं फक्त थंडीपुरती गोळा करू नका. खरी गरज पावसाळ्यात लागते, जुलैत सगळा कचरा पाण्याने लदबदतो आणि तेव्हा एक सुकं पान मिळत नाही. म्हणून जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत वर्षाची बेगमी करायची, आपल्या आज्या पापड-कुरडयांची करायच्या तशी. सहा माणसांच्या घराला आठ-दहा गोण्या तरी हव्यातच, जिन्याखाली बसतात. पुण्यात ब्राऊन लीफ नावाचा उपक्रम आहे, पानं नकोशी झालेल्या आणि पानं हवी असलेल्या लोकांची गाठ घालून देतो, एवढी साधी कल्पना, तुमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्हीही करू शकता.

गच्चीवर भाजी लावायची असेल तर लावा, आत्ताच लावा. नवशिक्याने पावसाळ्यात सुरुवात केली की बुरशी आणि किडी त्याला घरी बसवतात, थंडीत मात्र मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, लसणाची पात हे कोणालाही येतं. मेथी तर डब्यातलीच पेरा, फळवाल्याच्या क्रेटमध्ये खाली गोणपाट, वर खत-माती चार बोटं, पंचवीस-तीस दिवसांत भाजी. धणे अख्खे पेरू नका, चपलेखाली रगडून दोन भाग करा. पाणी सकाळी ऊन आल्यावर द्या, संध्याकाळी नको, रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी येते. तुमच्या जवळच निफाडचे द्राक्षवाले बघा, पारा पाचच्या खाली गेला की पहाटे बागेला ठिबक सोडतात, कारण विहिरी-बोअरचं पाणी त्या हवेपेक्षा गरम असतं आणि मुळांना ऊब देतं, म्हणजे पाण्याची वेळ आणि पाण्याचं तापमान याचं किती महत्त्व ते त्यांना विचारावं. वालावर मावा येतोच, जोरात पाण्याचा फवारा, नाही गेला तर लिटरला ५ मिली नीम तेल आणि चिमूटभर साबण. तुळस झडली म्हणून सासूबाई काळजीत असतील तर सांगा मंजिऱ्या खुडा आणि भिंतीच्या आडोशाला ठेवा, फेब्रुवारी सरता फुटते.

स्वयंपाकाचं फार सांगत नाही, तुम्ही करतच असाल. बाजारात या महिन्यांत जे ढिगाने येतं तेच खाल्लं की झालं. भोगीची भाजी हा त्याचा नमुनाच आहे, वांगी, गाजर, पावटा, मटार, ओला हरभरा, घेवडा, बोरं, वर तीळ आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी, यातलं काहीच लांबून आणावं लागत नाही. फक्त मटारचं एक सांगते. किलोभर शेंगा सोलल्या की निम्म्याहून जास्त वजन सालांचं निघतं. मुलांना टीव्हीसमोर परात देऊन बसवा, तशी सोलतात, आणि कोवळी सालं फेकू नका, सालाच्या आतल्या बाजूला एक पातळ कडक पापुद्रा असतो, देठाकडून मोडून खाली ओढला की सरकन निघतो, उरलेली साल बारीक चिरून बटाट्याबरोबर परता. पहिल्यांदा कंटाळा येतो, मग हाताला सवय होते. जून सालं ड्रममध्ये, ती पटकन कुजतात.

सोलर कुकर कोणाकडून जुना मिळाला तर थंडीतच सुरू करा. सूर्य खाली असतो म्हणून आरसा दर तासाने जरा हलवावा लागतो, दहाला वरण-भात लावला तर एकपर्यंत होतो. शिर्डी तुमच्यापासून लांब नाही, तिथे संस्थानच्या प्रसादालयावर ७३ तबकड्यांची सौर वाफेची यंत्रणा बसवलीय, हजारो लोकांचं जेवण शिजवण्यासाठी, मुलांना दर्शनाला नेलंत तर तेही दाखवा. दही लागत नाही ही तक्रार सगळ्यांची, त्यासाठी ओव्हन लावू नका, विरजलेलं भांडं कणकेच्या डब्यात पुरून ठेवा.

पांघरुणांत माझं मत जरा जुनाट आहे. जुन्या सुती साड्यांच्या गोधडीला तोड नाही, आणि फ्लीसची ब्लँकेटं कितीही मऊ लागली तरी ती पॉलिस्टर असतात, प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सोडतात आणि ते सगळे गाळले जात नाहीत, काही गोदावरीत पोचतात. आता आहेत ती वापरा, फेकून नवीन ‘इको’ आणू नका. गाद्या-रजया कडक झाल्या असतील तर पिंजाऱ्याला बोलवा, तोच कापूस पिंजून परत भरून देतो, अजून आहेत हे लोक, शोधावे लागतात. स्वेटर दर चार दिवसांनी धुवायची गरज नसते, दुपारचं दोन तास ऊन दोन्ही बाजूंनी दाखवलं की पुष्कळ. शाळेचे स्वेटर मुलांना पुढच्या वर्षी होत नाहीत, ते नोव्हेंबरातच कॉलनीत अदलाबदल करा. आणि कपाटात डांबराच्या गोळ्या घालत असाल तर बंद करा, लहान बाळांचे कपडे तर मुळीच त्यात ठेवू नका, काही बाळांच्या रक्तातल्या लाल पेशी त्याने फुटतात आणि कावीळ होते. कडुलिंबाचा वाळलेला पाला, वेखंडाचे तुकडे घाला, आधी कपडे उन्हात चांगले तापवून.

संक्रांतीच्या वाणात प्लास्टिकची डबी लुटू नका, मेथीचं नाहीतर पालकाचं बी पुडीत बांधून लुटा, बायका नावं ठेवतात आणि पंधरा दिवसांनी फोटो पाठवतात. नायलॉन मांज्यावर २०१७ पासून बंदी आहे, तरी मिळतो, मुलांच्या फिरकीला हात लावून बघा, ओढून तुटत नसेल तर तोच.

आता तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्यात. येत्या रविवारी सकाळी मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, पुढचा आठवडा गीझर नेहमीसारखा वापरून परत रविवारी घ्या. मग एक आठवडा बादली, एकापाठोपाठ आंघोळी आणि मुलांची संध्याकाळची आंघोळ, आणि परत रीडिंग. दोन आठवड्यांत किती फरक पडला ते कळवा, म्हणजे सोलरचे पैसे किती वर्षांत सुटतात ते काढून देते. गच्चीवरच्या टाकीपासून खालच्या बाथरूमपर्यंत पाईप किती लांब पडेल तेही मोजा. आणि पाणी महापालिकेचं की बोअरचं ते सांगा, बोअरचं असेल तर क्षार बसतात, मग फ्लॅट प्लेटच्या, म्हणजे सपाट पेटीसारख्या सोलरच्या, तांब्याच्या नळ्या बुजतात आणि काचेच्या ट्यूबवाला बरा पडतो, महापालिकेचं असेल तर फ्लॅट प्लेट घ्या, जास्त टिकतो.